पाडकाम होईपर्यंत

खिडकीवर लोखंडी पत्रा ठोकला की समजायचं, हे घर रिकामं केलंय. रहिवासी गेले, पाणी तोडलं, आता फक्त पाडकामाची वाट. पण पाडकाम काही लगेच होत नाही. आराखडा मंजुरीत अडकतो, पैसा आटतो, विकासक बदलतो, कुणी कोर्टात जातं. बघता बघता दहा-पंधरा वर्षं निघून जातात. आणि त्याच शहरात कुटुंबंच्या कुटुंबं निवाऱ्याच्या एकेका खोलीत दिवस काढत असतात.

पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डची ही कार्पेंटर्स इस्टेट. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिलेली, भाड्याच्या सरकारी घरांची वसाहत. सुमारे ७०० घरं. पुनर्विकास होणार म्हणून २००० च्या दशकाच्या मध्यापासून ती रिकामी होऊ लागली. २०१२ मध्ये शेजारीच ऑलिंपिक भरलं, तेव्हा इथल्या लंड पॉइंट टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून बीबीसीचं प्रक्षेपण झालं. स्टुडिओ चालवण्याइतपत ती इमारत धड होती. पुनर्विकासाला रहिवाशांनी मतदानातून कौल दिला, तो थेट डिसेंबर २०२१ मध्ये. इतकी वर्षं कितीतरी घरांची दारं बंदच होती.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. २०१३ मध्ये जवळच्याच एका वसतिगृहातल्या २९ तरुण आयांना जागा सोडायची नोटीस आली. कडेवर तान्ही मुलं, आणि पर्याय म्हणून नावं पुढे आली ती मँचेस्टर, बर्मिंगहॅम, हेस्टिंग्जची. ‘फोकस ई-१५’ नावाची त्यांची चळवळ उभी राहिली. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी कार्पेंटर्समधल्या बंद फ्लॅटचा ताबा घेतला. आत ओटा, मोरी, न्हाणीघर, सगळं वापरण्याजोगं. बाहेर त्यांनी फलक लावला: या माणसांना घरं हवीत, या घरांना माणसं हवीत. दोनेक आठवडे त्या तिथे राहिल्या. तिथल्या स्थानिक पालिकेच्या महापौरांनी या आयांची जाहीर माफी मागितली.

रिकामं घर जपून ठेवता येतं, हा गैरसमज आहे. मोरीच्या जाळीखालच्या वळणदार नळीत थोडं पाणी कायम साचलेलं असतं. गटाराची घाण हवा तेच अडवून धरतं. बरेच दिवस पाणी पडलं नाही की ते वाळतं आणि दुर्गंधी थेट खोलीत शिरते. छत गळलं तर सांगायला कुणी नाही. तांब्याच्या तारा, नळ चोरीला जातात. कुणी घुसू नये म्हणून काही ठिकाणी मालकच संडास फोडून ठेवतात. मग म्हणायचं, घर राहण्यालायक उरलेलं नाही.

याहून शहाणपणाची वाट पॅरिसनं दाखवली. सँ-व्हँसाँ-द-पोल हे जुनं रुग्णालय बंद पडलं आणि तिथे नवी वस्ती बांधायचं ठरलं. बांधकामाला अवकाश होता, म्हणून तो परिसर २०१५ पासून २०२० पर्यंत ‘ले ग्राँ व्ह्वाझँ’ या प्रकल्पाला मिळाला. ‘ऑरोर’ या संस्थेनं तिथे सुमारे ६०० गरजूंची सोय केली. तळमजल्यावर कार्यशाळा आल्या, अंगणात वर्दळ सुरू झाली.

नेदरलँड्समध्ये तर यासाठी वेगळा कायदाच आहे. पाडण्यासाठी किंवा नूतनीकरणासाठी ठेवलेलं घर पालिकेच्या परवान्यानं ठरावीक काळ भाड्यानं देता येतं. घर परत घेताना मालकानं भाडेकरूला किमान तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते.

तीन महिने. आमच्या मते, या योजनांचं खरं दुखणं इथे आहे. भाडेकरूचे हक्क टाळायचे म्हणून कुणालातरी स्वस्तात राखणदार बनवून ठेवायचं, असंही सर्रास चालतं. तात्पुरतं घर द्या, जरूर द्या. पण पाडकामाची तारीख आणि तिच्यानंतरचं कायमचं घर, दोन्ही त्याच करारात लिहून द्या. किल्ली हातात पडण्याआधी. मुलाचं नाव कुठल्या शाळेत घालायचं, हे आईला त्याच दिवशी ठरवायचं असतं.