कळलावीचा कंद

(दृश्य : वेताळ टेकडी, ऑगस्टमधली सकाळ. ओल्या झुडपात एक फूल.)

ही कळलावी. पावसाळा आला की पुण्याच्या टेकड्यांवर, झुडपांच्या आधारानं ही वेल वर चढते. धरून चढायला तिला वेगळे ताणे नाहीत. पानाचंच टोक लांब होतं, वळतं आणि शेजारच्या फांदीला विळखा घालतं. फूल खाली तोंड करून लटकतं, पाकळ्या मात्र उलट्या, वरच्या दिशेला, ज्वाळेसारख्या. म्हणून तिचं दुसरं नाव अग्निशिखा.

आणि ही तिच्यासमोर घडीचं स्टूल टाकून बसलेली चित्रकार. गेल्या पावसाळ्यात ती आठवडाभर रोज सकाळी याच फुलापाशी आली. कारण हे फूल रोज वेगळं असतं. उमलतं तेव्हा हिरवट, मग पिवळं, मग टोकांकडून लाल उतरायला लागतो आणि शेवटी सगळं फूल लालभडक होतं. फोटोत यातला एकच दिवस येतो. तिच्या कागदावर सगळे दिवस एकाच वेलीवर शेजारीशेजारी आहेत.

(दृश्य : घरातलं टेबल. भिंग, जलरंग, अगदी बारीक ब्रश.)

वनस्पतिशास्त्रासाठी काढलेल्या चित्राची शिस्त कडक असते. पाकळ्या किती, पुंकेसर किती, पान देठाला कसं जोडलंय, हे मोजूनच काढायचं. कळलावीला पाकळ्या सहा आणि पुंकेसरही सहा. पण चित्रकाराचा सगळा जीव अडकला होता तो मधल्या कुक्षीवृंतात, म्हणजे स्त्रीकेसराच्या बारीक दांड्यात. बहुतेक फुलांत तो सरळ असतो. कळलावीत तो बुडाशीच काटकोनात वळतो आणि फुलाच्या बाहेर आडवा निघतो. "पहिल्या तीन चित्रांत मी तो नकळत सरळ केला होता," ती सांगते. "डोळ्यांना दिसत होतं, हात ऐकत नव्हता."

ते तिन्ही कागद तिनं ठेवले आहेत. मला विचाराल तर चौथ्या चित्राइतकेच ते बघण्यासारखे आहेत.

पुण्याला ही नजर नवी नाही. सवाई माधवरावांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना, म्हणजे पाळलेल्या जंगली प्राण्यांचा संग्रह, होता. इंग्रजांचा इथला रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला वकील, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकारानं तिथले प्राणी समोर बघून काढले. १७९० सालच्या नोव्हेंबरातला त्याचा गेंडा आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. या शहरात किती जणांना हे नाव ठाऊक असेल? आमच्या चित्रकारालाही ते कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. तो गेंडा तिनं पहिल्यांदा पाहिला तो मोबाइलच्या पडद्यावर. मग दुसऱ्या दिवशी ती पर्वतीच्या पायथ्याशी नुसतीच जाऊन उभी राहिली.

(दृश्य : बालगंधर्व कलादालन. बाहेर पाऊस, दाराशी ओल्या छत्र्या.)

हे तिचं पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन. पळस, धायटी, काटेसावर, सगळी टेकडीवरची मंडळी. शास्त्रासाठीच्या चित्रात सहसा धडधाकट नमुना दाखवतात. किडीनं खाल्लेलं पान चित्रात पूर्ण करून घेतात. इथे ती शिस्त मोडते. अळीनं पाडलेली भोकं तिनं मोजून, जागच्या जागी काढली आहेत. "अळीचंही ते जेवण आहे ना, ते मी कसं पुसू?" असं ती म्हणाली, आणि मला ते पटलं.

कळलावीच्या चित्रात मात्र बरेच महिने एक जागा कोरी होती. खाली, मातीखालच्या कंदाची. तो कंद नांगरासारखा दुबेळक्याचा असतो, म्हणून संस्कृतात या वेलीला लांगली म्हणतात. तो विषारी आहे. पूर्वी प्रसूतीच्या कळा आणायला तो वापरत, तिथूनच कळलावी हे नाव आलं. असा कंद चित्रात नसेल तर वेल अर्धीच राहते. तिच्या ओळखीच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांनीही तेच सांगितलं. पण कंद बघायचा तर टेकडीवरची वेल उपटावी लागणार. ते तिनं केलं नाही. नुसती पेन्सिलची रेघ मारून ठेवली.

पुढे उन्हाळ्यात सदाशिव पेठेतल्या एका आजींचा निरोप आला. त्यांच्या गच्चीत कळलावीची जुनी कुंडी होती आणि माती बदलायची होती. "लवकर ये गं, कंद फार वेळ बाहेर ठेवायचा नाही मला." ती धावत गेली. आजींनी वर्तमानपत्र पसरून कंद त्यावर ठेवला. ती फरशीवर मांडी घालून बसली, आजी शेजारी पाटावर. दोन तास. संध्याकाळी कंद नव्या मातीत गेला.

(दृश्य : कलादालन. चित्राच्या तळाशी कंद, त्याला चिकटलेली माती.)

काल आजी प्रदर्शनाला आल्या होत्या. वरच्या लाल फुलांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग चष्मा पुसून वाकल्या आणि कंदाच्या डाव्या फाट्यावर बोट नेलं. तिथे एक छोटी खोक आहे.

"हे माझं खुरपं लागलं होतं," त्या म्हणाल्या. "तू तेही काढलंस होय?"