वसईचा वेढा, १७३९ : सुरुंगांनी जिंकलेली लढाई

[दृश्य : ड्रोन. खाडीचं मुख, किल्ल्याचा पूर्ण तट, उत्तरेची झाडी]

वसईचा किल्ला घेणं इतकं अवघड का होतं, ते वरून पाहिलं की लगेच कळतं. तीन बाजूंना पाणी आणि खाजण. सुमारे साडेचार किलोमीटर लांबीचा तट, त्यात अकरा बुरूज. समुद्राकडून यायचं तर आरमार हवं, आणि पोर्तुगीजांची जहाजं मराठी गलबतांपेक्षा मोठी, तोफाही जास्त. खाजणातून यावं तर माणूस गुडघाभर चिखलात रुतणार. पायाखाली कोरडी, पक्की जमीन मिळते ती फक्त उत्तरेला. फेब्रुवारी १७३९ मध्ये थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी मोर्चे लावले ते या उत्तर बाजूला.

[दृश्य : भूदरवाजा, तटाची जाडी, दगडी सांधे]

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षं दमण ते चौल या पट्ट्यातल्या त्यांच्या मुलखाचा कारभार इथून चालला. मराठी कागदांत हा मुलूख येतो तो 'फिरंगाण' या नावाने. साष्टी बेटाची, म्हणजे ठाणं आणि आजच्या मुंबई उपनगरांच्या भागाची, सुपीक गावं पोर्तुगीज सरदारांना आणि पाद्र्यांच्या संघांना तोडून दिलेली. हिंदूंच्या उघड धर्माचारावर बंदी, आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाचा, वचक इथपर्यंत पोचलेला. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्यासारखे वतनदार वर्षानुवर्षं पेशव्यांकडे गाऱ्हाणी नेत होते. त्याबरोबर वाटांची, उतारांची आणि तटबंदीची बित्तंबातमीही नेत होते.

[दृश्य : उल्हास नदी, कल्याणकडून खाडीत येणारं पात्र]

पण नुसत्या गाऱ्हाण्यांनी पेशवे दोन वर्षांची मोहीम अंगावर घेत नाहीत. नकाशावर कल्याण बघा. ते मराठ्यांकडे आलेलं होतं. घाटावरचा माल कल्याणच्या बंदरात उतरायचा आणि उल्हासच्या पाण्याने समुद्राकडे निघायचा. वाटेत ठाणं पोर्तुगीजांचं, घोडबंदर पोर्तुगीजांचं आणि मुखावर वसई, तीही पोर्तुगीजांची. कल्याण हाती असूनही समुद्राची वाट परक्यांच्या तोफांखालून जात होती. वसईच्या युद्धाचं खरं मूळ या पाण्याच्या वाटेत आहे. शिवाय मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मुलांत भाऊबंदकी पेटली. त्या भांडणात पोर्तुगीजांनी हात घातला आणि पेशव्यांशी वैर वाढवून घेतलं.

[दृश्य : ठाण्याच्या किल्ल्याचा बुरूज, आजचा कारागृहाचा तट]

साष्टी उघडी आहे हे पोर्तुगीजांना कळत होतं. म्हणून त्यांनी ठाण्याला नवा कोट बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, १७३७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर, मराठ्यांनी रात्री खाडी ओलांडून ठाणं घेतलं. अर्धवट तट हा तट नसण्याइतकाच धोक्याचा, कारण त्याच्या भरवशावर शिबंदी, म्हणजे किल्ल्यातली फौज, मात्र गाफील राहते. १७३९ च्या सुरुवातीला केळव्याजवळचं माहीम (मुंबईचं नव्हे) आणि तारापूर पडले. तारापूरच्या तटावर बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. वसई आता एकटी पडली.

मदत येणार तरी कुठून? इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांनी त्याच सुमारास गोव्यात मडगाव घेऊन राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. त्यामुळे गोव्याला आपलंच पडलं होतं. समुद्रावर कान्होजींचे पुत्र मानाजी आंग्रे यांचं आरमार मराठ्यांच्या बाजूने फिरत होतं. मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना चर्चची चांदी तारण ठेवून घेऊन पैसे दिले, पण माणसं दिली नाहीत.

[दृश्य : उत्तर तट, रेमेदियस आणि सान सेबास्तियन बुरूज, जवळून]

आता या तटापाशी थोडं थांबू. आत मातीची भर आणि बाहेर दगडी चिरेबंदी, अशी या भिंतीची रचना. गोळा लागला की दगड फुटतो, आतली माती गोळा गिळते, आणि रात्रीत आतली माणसं खिंडार पुन्हा भरून काढतात. लांबून तोफा डागून असा तट पडत नाही. त्याला पायातून उचलावं लागतं. म्हणून सुरुंग.

[दृश्य : आरेखन. नागमोडी मोर्चा, सुरुंगाचा छेद]

मोर्चा, म्हणजे वेढा घालणाऱ्यांचा पुढे सरकणारा चर, तटाकडे सरळ नेता येत नाही. सरळ चर खणला तर बुरुजावरची एक तोफ तो टोकापासून टोकापर्यंत झाडून काढते. म्हणून चर नागमोडी जातो आणि निघालेली माती शत्रूच्या बाजूला टाकून आडोसा होतो. हे काम खणकाम करणाऱ्या बेलदारांचं, आणि बरंचसं रात्रीचं. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत अडचणी दोन. कडा ढासळतात, म्हणून फळ्या आणि मातीच्या गोण्या लावाव्या लागतात. आणि जरा खोल गेलं की पाणी लागतं.

तटाच्या जवळ पोचलं की चराचं भुयार होतं. माणूस वाकून जेमतेम जाईल एवढंच. लाकडी टेकू देत देत बुरुजाच्या पायाखाली शिरायचं आणि शेवटी स्फोटाच्या दारूची कोठडी खणायची. दारू ठासली की भुयाराचं तोंड माती आणि गोण्यांनी घट्ट बुजवायचं. हे बुजवणं कच्चं राहिलं तर स्फोट भुयारातूनच मागे फिरतो आणि बुरूज जागच्या जागी राहतो. दारूला ओल लागली तर ती नुसती फुसफुसते. कोठडी पायाच्या अलीकडेच राहिली तर तटासमोर खड्डा पडतो, तट पडत नाही. आतले लोकही स्वस्थ बसलेले नसतात. जमिनीला कान लावून खणण्याचा आवाज घेतात आणि समोरून उलटं भुयार काढतात.

सगळ्यात नाजूक काम बत्तीचं, म्हणजे दारू पेटवणाऱ्या वातीचं. एका बुरुजाखाली अनेक सुरुंग असले तर ते एकदम उडायला हवेत. पण प्रत्येकाची बत्ती वेगळ्या लांबीची आणि वेगळ्या ओलीची. पहिला सुरुंग उडाला की त्याच्या हादऱ्याने दुसऱ्याची बत्ती दबते, विझल्यासारखी वाटते, आणि आत धुमसत राहते. मे महिन्यातल्या हल्ल्यात नेमकं असंच झालं. काही सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडलं, मराठे एल्गार करून वर चढले आणि मागे राहिलेला सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला. कित्येक माणसं दगडांखाली गाडली गेली. या मोहिमेत मराठ्यांचं नुकसान पोर्तुगीजांच्या कितीतरी पट झालं. तरी दुसरे हल्ले झाले, नवे सुरुंग पेटले आणि सान सेबास्तियनचा बुरूज ढासळला. त्या भगदाडात मराठ्यांनी पाय रोवले, मग मात्र त्यांना मागे हटवणं पोर्तुगीजांना जमलं नाही.

[दृश्य : सागरी दरवाजा, लोखंडी पत्र्याची दारं]

पोर्तुगीज सेनापती सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यातच मारला गेला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतान द सौझा परेराने १६ मे १७३९ ला तहाच्या अटी मान्य केल्या. शहर सोडायला आठ दिवस. फौजेने हत्यारांसह, निशाण फडकवत, वाजतगाजत बाहेर पडायचं. खाजगी मालमत्ता नेता येईल आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल. इतक्या रक्तपातानंतर विजयी सेनापती असा कौल देतो आणि तो पाळतो, ही गोष्ट सुरुंगांइतकीच मोठी आहे. २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला.

[दृश्य : नाशिक, नारोशंकराची घंटा, भीमाशंकर, वज्रेश्वरीच्या पायऱ्या]

चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आजही वाचता येतं. वज्रेश्वरीचं कोटासारखं मंदिर या मोहिमेच्या नवसाचं म्हणून सांगतात.

[दृश्य : वेगवान नकाशा]

पोर्तुगीज गोवा, दमण आणि दीवपुरते उरले. इंग्रजांनी घाबरून मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणला, त्याच वर्षी पेशव्यांशी व्यापारी तह केला, १७७४ मध्ये साष्टी घेतली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत त्यांच्याशी तैनाती फौजेचा तह केला.

[दृश्य : उत्तर तट, सांध्यांत वाढलेला पिंपळ]

किल्ल्यात येणारे बहुतेक लोक चर्चच्या कमानींपाशी थांबतात, छायाचित्रं तिथेच निघतात. वेढा जिथे लढला गेला त्या उत्तर बाजूला फारसं कुणी फिरकत नाही. पिंपळ-वडाची मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत शिरली आहेत. ती वरून छाटून भागत नाही, कारण खोड राहिलं की पावसाळ्यात पुन्हा फुटतं आणि मूळ आत आणखी जाडावतं. जोराने उपटलं तर चिराच निखळतो. खोड मारून, मूळ वाळू देऊन, सांधा सिमेंटने नव्हे तर चुन्याने भरावा लागतो, आणि हे दर वर्षी, पावसाआधी. कोणता भाग सुरुंगाने पडला आणि कोणता नंतर बांधला, हे ज्या दगडांवरून कळू शकतं, ते दगड या भिंतीतच आहेत.