गेटबाहेरचं पाणी

(दृश्य: जळगाव एमआयडीसी, सकाळचे पावणेसात. पत्र्याची शेड, डबे लटकवलेल्या सायकली.)

मे महिना. दुपारी पारा 44-45 वर जाणार, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. त्यात प्लॅस्टिकच्या मशीनची धग.

शेडमध्ये साठेक पुरुष आणि बायका चार. त्यातली एक बोलायला तयार झाली. नाव नको, चेहरा नको, या अटीवर. घरून ती दोन लिटरची बाटली भरून आणते. सुट्टी होईपर्यंत बूच उघडत नाही.

बायकांचं बाथरूम शेडच्या पार त्या टोकाला. वाटेत सुपरवायझरची केबिन. "काय, परत चालली?" इथून सुरुवात झाली. आजूबाजूचे हसले. मग तो वाट अडवून उभा राहू लागला. मग रात्री अकरानंतर मेसेज. मग एकदा हात लावला. तिनं पाणीच सोडलं.

लघवीला जळजळ सुरू झाली. दवाखान्यात विचारलं, पाणी किती पिता? का पीत नाही, हे विचारलं नाही. बाहेर रांग केवढी, डॉक्टरला तरी काय बोलायचं! पुढे छातीत धडधड, सुट्टीच्या संध्याकाळीच पोटात गोळा. "माले रातले झोपच येत नही, ताई," ती अहिराणीत म्हणते. घरी मात्र पित्त सांगितलंय. खरं कळलं तर छळ बाजूला राहील, आधी काम बंद होईल.

(दृश्य: भिंतीवरचा धूळ बसलेला फलक.)

1992 मध्ये राजस्थानातल्या भटेरीत सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून लढा उभा राहिला, 1997 चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि 2013 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई हवी. माणसं कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

इथल्या फलकावर अध्यक्ष म्हणून जिचं नाव आहे, ती दोन वर्षांपूर्वीच काम सोडून गेलीय.

याच कायद्याचं कलम 15 फारसं कुणाला ठाऊक नसतं. भरपाई ठरवताना मानसिक धक्का धरायचा, मनाच्या उपचारांचा खर्चही धरायचा. म्हणजे न आलेली झोपही तक्रारीत लिहिता येते. तिला हे सांगितलं, तर तिनं दवाखान्याच्या चिठ्ठ्या काढून दाखवल्या. पिशवीत जपून ठेवल्यात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिनं त्यातल्याच एकीच्या मागे लिहून घेतला.

तक्रारीची मुदत तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन वाढवू शकते. हात लावला त्याला सव्वादोन महिने झालेत. ती बोटांवर मोजते.

(दृश्य: साडेतीन. भोंगा. बायका बाहेर पडतात.)

रस्ता ओलांडून ती कडुनिंबाखाली थांबते. बाटली उघडते. पाणी चहासारखं तापलेलं. अर्धी बाटली एका दमात संपते.