गाणं तीन-सव्वातीन मिनिटांतच का आटपतं?

(हातात काळी तबकडी, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ)

नमस्कार मंडळी! आधी एक आवाज ऐका. (नखाने टिचकी मारून) ऐकलंत? कपबशी वाजल्यासारखं वाटतं ना? कारण ही ग्रामोफोनची जुनी तबकडी प्लास्टिकची नाही, लाखेची आहे. बांगड्यांची लाख असते ना, तीच. त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. हातातून निसटली की कौलासारखे तुकडे. आजोबांकडे चाळीसेक होत्या म्हणे, माझ्यापर्यंत अकरा पोचल्या. बाकीच्यांचं काय झालं, यावर आमच्या घरात अजून भांडणं होतात, ते सोडा.

आता मला सांगा, पोळ्या लाटताना, बसमध्ये कानात हेडफोन घालून, दुकानाचं शटर उघडल्या उघडल्या आपण जे गाणं लावतो, ते साधारण तीन-चार मिनिटांचंच का असतं? कीर्तन रात्रभर चालतं. ख्याल तासभर चालतो. जात्यावरच्या ओव्या दळण संपेपर्यंत चालायच्या. मग गाण्यालाच ही घाई कुणी लावली?

हिने लावली. मोजूनच बघू.

(फूटपट्टी लावून) तबकडी दहा इंची. म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत पाच इंच. मधला कागद सोडा, कडेची पट्टी सोडा, शेवटची मोकळी चरी, म्हणजे सुई फिरते ती खाच, सोडा. सुईला फिरायला जागा उरली साधारण अडीच-पावणेतीन इंच. एका इंचात साधारण शंभरेक चरी बसतात. म्हणजे अडीचशेच्या आसपास फेरे. तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरते. भागाकार करा... तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. झालं! तिथे सुई संपली, गाणं संपलं. मग उठा, तबकडी उलटी करा, चावी भरा आणि सुई बदला. हो, पोलादी सुई एका बाजूनंतर बदलायची असते, नाहीतर ती चरीच खरवडते.

भारतात गाजलेलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९०२चं, कलकत्त्यातलं. गायिका गौहरजान. गाणं संपलं की ती चक्क इंग्रजीत सांगते, ‘माय नेम इज गौहरजान’. तेव्हा तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. तिथल्या कारागिराला कोण गातंय हे कळावं म्हणून गायकाने शेवटी नाव सांगायचं, अशी पद्धत होती. म्हणजे त्या तीन मिनिटांतलेही दोन-तीन सेकंद नावाला गेले!

आता आपल्याकडे या. संगीत नाटकात बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअरवर वन्समोअर. एकच पद किती वेळ चालेल याचा नेम नाही, प्रेक्षक पहाटेपर्यंत बसलेले. आणि त्याच बालगंधर्वांना ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सांगितलं जाणार, तीन मिनिटं, त्यापुढे मेण संपतं. तेव्हा गाणं आधी मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जायचं. चूक झाली की ती चकती बाद, पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती नाही, जोडकाम नाही.

मला यातली गंमत वाटते ती इथे. पसारा आवरायला लागल्यावर काही गायकांनी जे केलं, ते थक्क करणारं आहे. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब घ्या. त्यांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी ऐका. घाई कुठेच जाणवत नाही. जणू या माणसाकडे रात्र पडली आहे, अशा सुरात तो सूर लावतो. तरी तिसऱ्या मिनिटाला सगळं सांगून झालेलं असतं. गदगच्या एका शाळकरी पोराने ही तबकडी दुकानात ऐकली, आपल्याला असंच गायचंय हे डोक्यात घेतलं आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडलं. त्या पोराचं नाव भीमसेन जोशी. पुढे त्याला गुरू मिळाले ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य. दर डिसेंबरात पुण्यात आपण शाली गुंडाळून ज्या सवाई गंधर्व महोत्सवाला जातो, त्याचा एक धागा दुकानात वाजलेल्या त्या तबकडीपर्यंत जातो.

दुसरं उदाहरण गोव्याचं. केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात भारताकडून हे एकच गाणं आहे. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. अकरा दिवसांचं अंतर.

बरं, भावगीत. ते तर या तबकडीच्या मांडीवरच वाढलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता गोविंदराव जोशींनी, म्हणजे जी. एन. जोशींनी, तबकडीवर गायली. भावगीताची सुरुवात सांगताना बहुतेक जण तिथे बोट ठेवतात. मग साचाच ठरून गेला. ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मध्ये वाद्यांचे तुकडे. कवितेला सात कडवी असली तर चार गळायची. कुठली गाळायची, यावर कवी आणि संगीतकारांत काय काय झालं असेल, कल्पना करा!

खरंच तबकडीमुळेच हे झालं का, अशी शंका तुम्हाला येईल. तर उलटं उदाहरण आहेच. गीतरामायण. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं, वर्षभर चाललं, एकूण ५६ गीतं. ती रेडिओसाठी लिहिलेली. रेडिओला चरी कुठे असतात? म्हणून गदिमांनी कडव्यांवर कडवी लिहिली आणि बाबूजींनी त्या गीतांना चाली लावल्या. तोच काळ, तीच माणसं, पण लांबी वेगळी. तबकडीचा काच गेल्याबरोबर गाण्याने पाय पसरले.

कॅसेट आली तेव्हाही तेच. साठ मिनिटांच्या कॅसेटीत एका बाजूला अर्धा तास. भारूड, लोकगीतं, प्रल्हाद शिंद्यांची भीमगीतं आणि भक्तिगीतं गावागावात पोचली ती कॅसेटनेच. एसटी स्टँडवरच्या टपरीतली ती कर्ण्याची कर्कश ऐट आठवते? मला आठवते, आणि माझ्या मते आपल्या रोजच्या संगीताला सर्वांत जास्त मोकळं कुणी केलं असेल तर या स्वस्त कॅसेटने.

आणि आता मोबाइलवर चरी नाही, बाजू नाही, दहा तासांचं गाणं टाकलं तरी कुणी अडवत नाही. तरी गाणी आखूडच होताहेत. कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की गाणं एकदा वाजलं असं मोजलं जातं. मग लांबलचक सुरुवात कोण वाजवणार? ओळ आधी, सनई-बासरी नंतर. पूर्वी मेण संपायचं, आता तुमचा अंगठा.

तर मंडळी, घरी जुनी तबकडी सापडली तर फेकू नका, आणि वाजवायची असेल तर नवी सुई लावा. आमच्या घरी आजी चहाला गाणं मोजायची, एका गाण्यात पाणी उकळतं म्हणायची. तुमच्याकडे असं काही मोजायचे का, खाली लिहा.

इथवर मला सहा मिनिटं लागली. तबकडीवर बोलत असतो, तर बालगंधर्वांपाशीच कुठेतरी थांबून तुम्हाला म्हणालो असतो, जरा उठा, उलटी करा.