न वितळवता वेल्डिंग: पत्रा प्लेटवर आदळतो तेव्हा

टायटॅनियम आणि स्टील वितळवून जोडायला गेलं की मध्ये ठिसूळ संयुगं तयार होतात आणि जोड तडकतो. तरीही केमिकल प्लांटमध्ये बाहेरून स्टील आणि आतून टायटॅनियम अशा टाक्या असतात. ते जोडतात स्फोटाने!

खाली जाड स्टीलची प्लेट ठेवायची. वर काही मिलिमीटर फट सोडून टायटॅनियमचा पत्रा. त्यावर स्फोटक पसरायचं, बऱ्याचदा अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण, आणि एका कडेला उडवायचं.

आता नीट बघा. पत्रा एकदम सपाट खाली पडत नाही. स्फोट जिथवर पोचला तिथवरच तो वाकतो, सेकंदाला काहीशे मीटर वेगाने खाली येतो आणि तिरका आदळतो, साधारण 5 ते 20 अंशांत. जॅकेटची चेन लावावी तशी ही टक्कर पुढे सरकत जाते.

सगळी करामत या तिरकेपणाची आहे. टकरीच्या जागी दाब इतका प्रचंड असतो की त्यापुढे धातूची ताकद नगण्य ठरते. दोन्ही पृष्ठभागांची पातळ साल अक्षरशः वाहते आणि झोत होऊन पुढच्या फटीतून बाहेर फेकली जाते. सोबत ऑक्साइडचा थर आणि मळही जातो. मागे उरतो कोरा धातू, कोऱ्या धातूवर दाबलेला. पत्रा सपाट आदळला, तर झोतच नाही; घाण आतच राहते.

आणि हो, जोरदार स्फोटक इथे नकोच. टक्कर धातूतल्या ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण 5000 मीटरपेक्षा, हळू सरकली पाहिजे, नाहीतर झोत तयार होत नाही. म्हणून 2000 ते 3500 मीटरवालं 'मंद' स्फोटक! मंद म्हणे.

[स्क्रीनवर: जोडाचा कापून, पॉलिश करून काढलेला सूक्ष्मदर्शक फोटो]

ही सीमारेषा बघा. सरळ नाही, ओळीने लाटा आहेत. घन धातू क्षणभर द्रवासारखा वागल्याची ही खूण. काही लाटांच्या वळशात वितळून गोठलेले बारीक कप्पे दिसतात. ऊर्जा जास्त झाली की हे कप्पे वाढतात, आणि पुन्हा तोच ठिसूळपणा.

जिथे स्फोट सुरू केला, तिथे मात्र जोड बऱ्याचदा धरतच नाही. म्हणून पत्रा मुद्दाम मोठा घेतात, तो भाग कापून टाकतात. प्लेटही वाकलेली असते. ती रोलरमधून सरळ करतात आणि अल्ट्रासॉनिकने तपासतात.