धुऱ्यावरची कळलावी

यवतमाळ जिल्ह्यातलं हे वावर. पोळा तोंडावर आलेला, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी झालेली. आणि धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बोरीच्या काट्यांतून वाट काढत वर आलेली ही कळलावी.

फूल जवळून बघा. तोंड जमिनीकडे, पण सहाही पाकळ्या उलट्या वळून आभाळाकडे गेलेल्या. कडा लहरी. उमलताना पाकळी हिरवट असते, मग पिवळी होते, मग लाल होत जाते. म्हणून एकाच वेलावर हे सगळे रंग एकदम दिसतात. खाली पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे फाकलेत.

आता पानाचं टोक. ते बारीक होत होत स्वतःच तणावा झालंय आणि वाळक्या तुऱ्हाटीला, म्हणजे तुरीच्या काडीला, वेढे घालून बसलंय. जाड बांबू त्याच्या कवेत येत नाही. आधार द्यायचा तर तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या असं बारीकच काही हवं, आणि त्याची आपल्याकडे काय कमी!

लावायचा तो हा कंद. दोन फाटे, कोनात जुळलेले. कोंब फक्त फाट्याच्या टोकाशी असतो, हा फिकट ठिपका. टोक मोडलं की तो फाटा वाया गेला, म्हणून काढताना आणि ठेवताना हात हलका लागतो. मृगाचा पाऊस झाला की दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवायचा, वरून भुसभुशीत माती आणि कुजलेलं शेणखत. भारी काळीत पाणी साचलं की कंद सडतो. धुऱ्याची उंच, मुरमाड जागा तिला मानवते. बियांपासूनही येते, पण फुलासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं.

कंद, पान, बी, सगळंच विषारी आहे. पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो, तेव्हा लेकरं आणि गुरं यांच्यापासून लांब लावा, कंद हाताळताना हातमोजे घाला.

त्याच विषातलं कोल्चिसीन गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावरच्या औषधात वापरतात. तमिळनाडूचं हे राज्यफूल, आणि तिथले शेतकरी बियांसाठी तिची रीतसर शेती करतात. आपल्याकडे मात्र कंद जंगलातून खणून नेले जातात आणि धुऱ्यावर तणनाशक मारलं जातं. धुरा साफ दिसला म्हणजे वावर चांगलं, ही समजूत आता सोडायला हवी. हात-दोन हात रुंदीची ती पट्टी फवारणीतून वगळली, तर कळलावी तिथे दरवर्षी आपणहून वर येते.

दिवाळीच्या सुमारास वेल वाळतो. जुना कंद संपलेला असतो, त्याच्या जागी नवे तयार झालेले असतात. दुसरीकडे लावायचे असतील तेवढेच उकरा, सावलीत कोरड्या रेतीत ठेवा, आणि मृगाला लावा. बाकीचे जमिनीतच राहू द्या.