संमतीपत्रावर सही झाल्यानंतर

मित्रहो, आदिवासी आणि इतर दुर्बल समूहांवरील आरोग्य संशोधनाची चर्चा बहुधा संमतीपत्रापाशी येऊन थांबते. सही घेतली होती का, अंगठा उमटवण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवला होता का, एवढे तपासले की नैतिकतेचे काम संपले असे आपण धरून चालतो. मला वाटते, कठीण प्रश्न सही झाल्यानंतर सुरू होतात. घेतलेले रक्त कोणाच्या ताब्यात राहते, त्यावर पुढे काय शोधले जाते आणि ते शोधायचे की नाही हे कोण ठरवते, हे ते प्रश्न आहेत.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. मधुमेहाने ही जमात हैराण होती, आणि त्यावर काही मार्ग सापडेल या आशेने १९९० पासून तिथल्या सुमारे दोनशे जणांनी ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा, जमातीतील आप्तविवाहांच्या परिणामांचा आणि त्यांचे पूर्वज कुठून स्थलांतर करून आले याचाही अभ्यास झाला, आणि जमातीला ते बऱ्याच वर्षांनी, २००३ मध्ये कळले. या दरीतच आपली उत्पत्ती झाली अशी ज्यांची श्रद्धा आहे आणि त्या भूमीवरचा ज्यांचा हक्क त्या श्रद्धेशी जोडलेला आहे, त्यांच्याच रक्तातून त्या श्रद्धेविरुद्धचा पुरावा काढला गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड करून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले.

या प्रकरणात संमतीपत्र नव्हते असे नाही. होते, आणि त्यात वर्तनविषयक व वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास असा ऐसपैस उल्लेखही होता. कागदाकडे बोट दाखवून संशोधक आपली बाजू मांडू शकत होते. तोंडी बोलणे मात्र मधुमेहाचे झाले होते, आणि लोकांनी विश्वास त्या बोलण्यावर ठेवला होता. कागद जितका व्यापक, तितका संशोधक सुरक्षित आणि रक्त देणारा उघडा, हे अनेक नैतिकता समित्यांच्या अजूनही पुरेसे ध्यानात येत नाही.

कॅनडातील नू-चा-नुल्थ या आदिवासी लोकांचा अनुभव याहून वेगळा नाही. १९८० च्या दशकात संधिवाताच्या अभ्यासासाठी त्यांच्यातील आठशेहून अधिक जणांचे रक्त घेतले गेले. संशोधकाने नोकरी बदलली तसे नमुने त्याच्याबरोबर दुसऱ्या विद्यापीठात आणि तिथून दुसऱ्या देशात गेले, वंशाच्या इतिहासावरील संशोधनात वापरले गेले आणि त्याच्या मृत्यूनंतर २००४ मध्ये परत आले.

याच कॅनडात १९४० च्या दशकात आणि १९५० च्या आरंभी आदिवासी मुलांच्या निवासी शाळांमध्ये पोषणाचे प्रयोग झाले होते. मुले अर्धपोटी आहेत हे संशोधकांना ठाऊक होते. किंबहुना म्हणूनच ती त्यांना सोयीची वाटली. काहींना पूरक जीवनसत्त्वे मिळाली, काहींना तुलनेसाठी तसेच ठेवले, आणि हिरड्यांची अवस्था हा मोजमापाचा एक निकष असल्याने काही शाळांत दातांवरचे उपचारही रोखले गेले. एका इतिहासकाराच्या संशोधनामुळे २०१३ मध्ये हे सर्वांसमोर आले. इथे दुर्बलता मुलांच्या अंगची नव्हती, ती संस्थेने निर्माण केलेली होती. तुरुंग, निर्वासितांची छावणी किंवा वसतिगृह अशा जिथे जिथे होकार देणारा आणि ताबा असणारा एकच असतो, तिथे हाच धोका असतो.

मग अशा समूहांना संशोधनापासून दूरच ठेवावे का? हा उपाय सोपा दिसतो, पण तोही अन्यायच आहे. कोविडच्या लसींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांमधून गर्भवती स्त्रियांना वगळण्यात आले आणि लसीकरण सुरू झाले तेव्हा त्यांना नेमका सल्ला देण्यासाठी पुरावा अपुरा होता. जनुकीय अभ्यासांचीही तीच गत आहे. २०१६ मधील एका मोजणीनुसार अशा अभ्यासांतील सहभागींपैकी ८१ टक्के युरोपीय वंशाचे होते. ज्यांच्यावर अभ्यासच नाही, त्यांच्यासाठी औषधाची मात्रा आणि रोगाचे निदान दुसऱ्यांच्या शरीरावरून ठरवले जाते.

अर्थपूर्ण बदल आला तो समूहांनी स्वतः नियम लिहायला घेतल्यावर. कॅनडातील आदिवासी राष्ट्रांनी (तिथे अनेक आदिवासी समूह स्वतःला राष्ट्र म्हणवतात) १९९८ पासून माहितीची मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा ही चतुःसूत्री घडवली. दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता प्रसिद्ध केली. कॅनडाच्या आरोग्य संशोधन संस्थेने २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर शरीरातून घेतलेला नमुना हा संशोधकाला उसना दिलेला आहे असे मानले. उसनी वस्तू परस्पर तिसऱ्याला देता येत नाही आणि नव्या कामासाठी वापरायची तर पुन्हा विचारावे लागते. मला ही कल्पना कोणत्याही लांबलचक संमतीपत्रापेक्षा अधिक उपयोगाची वाटते.

अर्थात समूहाची परवानगी म्हणजे नक्की कोणाची, हा पेच उरतोच. जमातीचे पुढारी बहुतेक ठिकाणी पुरुष असतात, आणि प्रसूती, गर्भपात किंवा घरातील मारहाण यांवरील अभ्यासाला त्यांनी नकार दिला तर तो स्त्रियांचाही नकार समजायचा का? माझ्या मते समूहाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीच्या जोडीला हवी, तिच्या जागी नव्हे. आणि स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय ती परवानगी पुरी धरू नये. या बोलण्याला महिने लागतात. दोन-तीन वर्षांच्या अनुदानात त्या महिन्यांसाठी पैसा नसतो, म्हणून संशोधक घाईने सह्या गोळा करतात. अनुदान देणाऱ्या संस्थांनी पहिले नमुने घेण्यापूर्वीचा हा काळ संशोधनाचाच भाग मानून त्याचा खर्च मंजूर केला पाहिजे, आणि प्रस्ताव तपासताना अभ्यास संपल्यावर नमुने कुठे जातील हे लेखी मागितले पाहिजे.